पडल्यावर गॅसचं काय?

कागलला धनपाल मगदूम यांच्या कारखान्यात रंग वाळवायची एक गॅसभट्टी होती. रेवती शिंत्रे या तिथल्या तरुण इंजिनिअरने तिचा सगळा कारभार तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोपवला होता. शाळेच्या प्रदर्शनात मुलं दिवे लुकलुकवतात ना, तसलाच तो स्वस्त बोर्ड. आणि शेजारीच दिवसभर वेल्डिंग चाले.

पुण्याहून आलेले सल्लागार केळुसकर तो पाहून खो-खो हसले. "मगदूमशेठ, या खेळण्यावर माणसांचे जीव टांगलेत? वेल्डिंगची एक ठिणगी पडू दे, तिच्या विजेच्या झटक्यानेच लगेच कोलमडेल. आमचा कंट्रोलर घ्या." त्यांनी तो बॅगेतून काढून दाखवला.

"करून बघा," रेवती म्हणाली.

केळुसकरांनी वेल्डिंगची केबल थेट बोर्डाच्या डब्याभोवती गुंडाळायला लावली. वेल्डरने ठिणगी पाडली आणि बोर्डावरचा दिवा विझला.

"बंद पडलं!" केळुसकरांनी टाळी वाजवली.

त्याच क्षणी गॅसची झडप खटकन बंद झाली. मग बोर्ड आपणहून जागा झाला, पंखा लावून त्याने भट्टीत उरलेला गॅस बाहेर काढला आणि ज्योत पुन्हा पेटवली.

"हा कधीतरी पडणार, हे धरूनच मी सगळं बांधलंय," रेवती म्हणाली. "तुमचा पडला तर गॅसचं काय होतं?"

"आमचा पडतच नाही!"

"म्हणजे पडल्यावर काय होतं, ते तुम्ही अजून पाहिलेलंच नाही."

मगदूमशेठना हसू आवरेना. "आणा की तुमचा, केळुसकर. केबल तयारच आहे."

केळुसकरांनी कंट्रोलर परत बॅगेत घातला आणि चेन ओढली. या वेळी टाळ्या वाजवल्या त्या वेल्डरांनी.