पदराखालची धूळ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा निरोप पायी जायचे आणि अफवा मात्र पळत सुटायच्या.

एका टेकडीच्या पायथ्याशी बुरुडांची वस्ती होती. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, सुपं-टोपल्या विणायच्या आणि बाजारात धान्याच्या बदल्यात द्यायच्या, असा त्यांचा संसार. त्या वस्तीच्या विहिरीवर एके दिवशी एक शेजारीण दुसरीच्या कानाला लागली.

"अगं, कोपऱ्यावरच्या घरची सून बघितलीस? रोज दुपारी टेकडीवरच्या मठात जाते. आणि उतरताना पदराखाली..."

तेवढ्यात ती सूनच घागर घेऊन समोर आली. बोलणारीनं जीभ चावली आणि मुकाट्यानं रहाटाची दोरी ओढायला लागली.

आता अर्धं वाक्य म्हणजे अर्धी भाकरी. तिनं भूक भागत नाही, खवळते. संध्याकाळपर्यंत उरलेलं वाक्य घरोघरी शिजलं. एक म्हणाली, "मठामागं पुरलेला हंडा सापडलाय तिला. सोनं आणते, सोनं!" दुसरी म्हणाली, "मी बघितलंय ना, चकाकत होतं."

सासूच्या कानावर हे गेल्याशिवाय कसं राहील? तिनं सुनेला समोर बसवलं.

"काय गं, मठात काय मिळतं तुला?"

"माई अक्षरं शिकवतात, आत्याबाई." मठात एक म्हातारी साध्वी राहायची, तिला सगळे माई म्हणायचे.

"अक्षरं? ती बाजारात विकतात का?"

"नाही."

"मग तुझ्या सुपाला चार मुठी दाणे जास्त पडतात?"

"तेही नाही."

"मग उन्हातान्हाची चढतेस कशाला? शेरडं राखायला?"

सून हसली. "माई म्हणतात, ऐकलेल्याला आणि वाचलेल्याला लगेच मान डोलवू नये. आधी विचारावं, असं का? मला तेच आवडतं."

"घ्या! आता सुना 'असं का' विचारणार! बरं, पदराखाली काय असतं?"

सून लाजली. "दाखवीन कधीतरी."

सासूनं बंदी काही केली नाही. सोनं असलंच तर आज ना उद्या आपल्याच उंबऱ्यात येईल, असंही तिच्या मनात होतं.

उन्हाळा सरता सरता सुनेच्या रांगत्या पोराला ढाळ लागले. दुपारपर्यंत पोर मलूल झालं. रडायचं, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं.

त्या वस्तीची एक रीत होती. पोराला ढाळ लागले, की पाण्याच्या घागरीवर टोपली पालथी घालायची, चुकूनही कुणी त्याला पाणी पाजू नये म्हणून. "गळक्या मडक्यात पाणी ओतलं तर गळतीच वाढते," असं आज्या-पणज्या सांगत आल्या होत्या. सासूनं टोपली पालथी घातली आणि घागरीला पाठ लावून बसली.

सून समोर आली. तिचा आवाज शांत होता.

"आत्याबाई, मठातल्या पोथीत मी वाचलंय. माईंनाही विचारलंय. ढाळ लागले की पाणी तोडू नये. उकळून निवलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घालावा, आणि घोटघोट पाजत राहावं."

"तुझ्या पोथीवर माझा नातू टांगू? माझी दोन अशीच गेली, सूनबाई. तू मला शिकवतेस?"

"त्या दोघांचंही पाणी तोडलं होतं?"

"मग? रीतच आहे ती."

दाराशी एक कामटी वाळत पडली होती. ती सुनेनं उचलली आणि वाकवली. कामटी कडकन मोडली.

"ही का मोडली, आत्याबाई?"

"वाळलीय म्हणून. पाण्यात भिजवली असतीस तर वाकली असती. माझ्या कामातलं मला काय विचारतेस?"

"तुमच्या कामातलंच विचारते. पोराचे ओठ बघा. ते मडकं नाही, ओली कामटी आहे. गळतंय तसं वाळत चाललंय."

सासूनं पोराकडं पाहिलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. कुंपणापलीकडं शेजारणी श्वास रोखून उभ्या होत्या. (कुंपण बुटकं असलं की माणसानं करायचं तरी काय!) मग सासूनंच घागरीवरची टोपली उचलली.

"चूल पेटव," ती म्हणाली. "पण पाजणार मी."

पोर मांडीवर घेऊन ती शिंपल्यानं पाजत बसली. एकदा पोरानं सगळं ओकून टाकलं.

"बघ! सांगत होते ना?"

"जरा थांबून पुन्हा द्या, आत्याबाई."

दिवस कलला. दिवेलागणीला सासू एकदम ओरडली, "अगं बाई, मांडी ओली केली की यानं!" आणि पोर रडायला लागलं. या वेळी गालावरून खरंखुरं पाणी ओघळलं.

सासू हसली आणि हसता हसता तिलाच रडू फुटलं. "माझी दोघं पाणी पाणी करत गेली गं. मी घागरीला पाठ लावून बसले होते."

सुनेनं तिचा हात धरला. "तुम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं."

"आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं," सासू म्हणाली.

पोर बरं झालं. पुढं त्या वस्तीत घागरीवर टोपली कधी पालथी पडली नाही. सुपाला दाणे पूर्वी पडायचे तेवढेच पडत राहिले. दुपारी टेकडी मात्र आता दोघी चढू लागल्या.

विहिरीवर पुन्हा कुजबुज झाली, "आता सासूसुद्धा पदराखाली..."

सासूनं ते ऐकलं. सरळ विहिरीवर आली आणि पदर बाजूला केला. आत परडी होती, आणि परडीत टेकडीवरची बारीक, अभ्रकानं चमचमणारी धूळ. "ही पाटीवर पसरायची आणि बोटानं अक्षरं गिरवायची. म्हातारपणी गिरवते म्हणून हसाल, तर हसा!"

म्हणजे अफवा अगदीच खोटी नव्हती. पदराखाली काहीतरी होतं, आणि ते चकाकतही होतं. फक्त ते सोनं नव्हतं.

सगळ्यांत आधी कुजबुजलेली शेजारीण पुढं झाली. तिनं ती धूळ चिमटीत घेऊन पाहिली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "थोडी मला द्या ना."

एवढंच ध्यानात ठेवा: शिकल्यानं मिळकत वाढो न वाढो, 'असं का?' विचारायचं बळ येतं, आणि त्या बळावर घरातली माणसं जगतात.