उतारावरचा रायबा

फार पूर्वी एका रानात रानकुत्र्यांची टोळी होती. दर खेपेला सांबर नदीच्या उतारापर्यंत यायचं आणि ऐन वेळी निसटायचं. टोळीची म्होरकी तांबी बेचैन झाली. शेजारच्या टोळीला आपली दोन वेगवान कुत्री देऊन तिने त्यांचा नामांकित म्हातारा रायबा आणला. त्याच्या जबड्यातून सांबर कधी सुटलं नव्हतं.

"धावणं आता जमायचं नाही हं," रायबा म्हणाला.

"तुम्ही फक्त उतारावर थांबा, आजोबा. सांबर आम्ही आणतो."

शिकार सुरू झाली. सांबर अर्ध्या वाटेतच डावीकडे वळलं. त्या अंगाला अडवणारी दोघं आता शेजारच्या टोळीत होती. तांबी जीव तोडून धावली, पण एकटी कुठे कुठे पुरणार? धापा टाकत ती नदीवर आली.

रायबा पाय रोवून उभा होता. "मी तयार आहे गं," तो म्हणाला. "सांबर कुठंय?"