गडग्यावरचा पैलवान

“...पण मी त्याला बोललो काय, वस्ताद? एक शब्द तरी?”

दौलतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. भैरोबाच्या जत्रेत त्यानं रंगाला चीत केलं, त्याला आज आठवा दिवस. दहा वर्षं तालमीच्या एकाच हौद्यात, एकाच मातीत घाम गाळलेला जोडीदार, पण त्या दिवसापासून रंगा तालमीकडं फिरकला नव्हता. आज तर कुस्तीच सोडून सुरतेला निघाला होता, दहाच्या एसटीनं. दौलतच्या जिवाला घोर लागला होता, पण ताठा काही जात नव्हता.

म्हातारे वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी नुसती हनुवटीनं समोरच्या दगडी गडग्याकडं खूण केली.

गडग्यावर एक सरडा होता. चांगला लालबुंद. पुढच्या पायांवर अंग वर-खाली करत होता.

“आयला! हा तर जोर मारतोय!” दौलत रंगाला विसरलाच. “कुणाच्या तालमीतला म्हणायचा हा?”

“विचार की त्यालाच.”

दौलतला तेवढंच हवं होतं. गेला, गडग्यासमोर हात टेकले आणि दणादण चार जोर मारले.

सरडा थबकला. मग त्यानं गळा फुगवला, मान हलवली, दोन जोर मारले.

“वस्ताद, उत्तर देतोय!”

आता थांबेल तो दौलत कसला! आणखी दहा मारले. छाती काढून पार सरड्याच्या तोंडाशी गेला.

सरड्याचा फुगलेला गळा खाली बसला, लाली उतरली. अंग दगडाला चिकटवून तो मागं सरकला, गडगा उतरला आणि पलीकडच्या शेतात दिसेनासा झाला.

“अरं, गेला की!” दौलत हात झटकत उठला. “एवढं काय झालं? मी काय बोललो त्याला?”

वस्तादांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं.

“वस्ताद?”

“रंगा चीत झाला, तेव्हा शड्डू कुठं उभा राहून ठोकलास?”

“मैदानात. सगळेच ठोकतात.”

“मैदानात कुठं?”

दौलतला हलगी, फेटे, शिट्ट्या, सगळं आठवलं. आणि खाली मातीत उताणा पडलेला रंगा. त्यानं उठायला दौलतकडं हात वर केला होता, आणि तो तसाच राहिला होता.

“...त्याच्या उशाशी,” दौलत पुटपुटला.

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

दौलतनं खुंटीवरचा सदरा ओढला. एक बाही घातली आणि तसाच अडला. एवढा दांडगा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं.

“वस्ताद, मला बोलता येत नाही हो धड. काय बोलू मी त्याला?”

“त्या दिवशी तरी कुठं काय बोलला होतास?”