माळ्याची पोर आणि चाळीस द्रोण

ढ नव्हती ती माळ्याची पोरगी. काल माझ्याशी वाद घालणारा तुमचा तो शहाणा आज इथं नाही, नाहीतर त्याच्या तोंडावर सांगितलं असतं. म्हणे चुकीला मार्क कापतात, म्हणून चांगली पोरं मागं पडतात. अरे, कापणाऱ्याला कशाला शिव्या देतोस? आधी ही गोष्ट ऐक म्हणावं. तो नाही तर तुम्ही ऐका.

डोंगराच्या पोटाला एक गाव होतं. त्या गावात एक माळी होता. हाताला गुण, पण डोकं लगेच तापायचं. त्याला एकच पोरगी. तिला बियांचं भारी वेड. जत्रेत पोरी बांगड्या बघायच्या, ही बियाणेवाल्यापुढं बसून राहायची.

लहान असताना तिनं एकदा वांग्याचं म्हणून मिरचीचं बी वाफ्यात टाकलं. माळ्यानं तिला भर उन्हात त्याच वाफ्यात उभं केलं. म्हणाला, "आता चुकशील?" पोर पुन्हा चुकली नाही. माळी गावभर सांगायचा, "बघा, धाक असला की असं होतं."

गावाचं एक बियाण्याचं कोठार होतं. ते सांभाळणारी म्हातारी आता थकली होती. पायऱ्या चढवत नव्हत्या. तिनं दवंडी पिटली, "ज्याला बी ओळखता येतं त्यानं यावं. जिंकेल त्याच्या हाती किल्ली."

पोरीचा जीव त्या किल्लीत अडकला. तिला दुसरं काहीच नको होतं.

परीक्षेच्या दिवशी म्हातारीनं पारावर चाळीस द्रोण मांडले. एकेकात एकेक बी. म्हणाली, "बरोबर सांगितलं तर वाटीत एक चिंचोका टाकीन. चार चुकले की एक काढून घेईन. गप्प बसलात तर द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मागं एकानं तोंडाला येईल ते सांगून किल्ली मिळवली, आणि गावानं ज्वारी म्हणून गवत पेरलं. म्हणून हा दंड."

माळ्याच्या कानात एवढंच शिरलं, की चुकलं की काढून घेणार. त्यानं पोरीचं मनगट धरलं. "खात्री असेल तरच तोंड उघड. एक जरी चुकलीस तर घरी येऊ नकोस."

"बरं, आबा."

आधी गवळ्याची सून आली. हसतमुख बाई. एका द्रोणात बोट फिरवून म्हणाली, "हे मिरचीचं असंल, नाहीतर वांग्याचं. जाऊ द्या, मिरचीचं म्हणा." पुढच्या द्रोणाला म्हणाली, "ह्याची तर आमच्या म्हशीला पण ओळख नाही. सोडा." लोक हसले. ती पण हसली. तिची तीस बरोबर आली, आठ चुकली, दोन सोडली. दोन चिंचोके गेले, वाटीत अठ्ठावीस राहिले.

मग माळ्याची पोर. तीळ, जवस, कारळं, अंबाडी, धडाधड सांगत गेली. पण जरा शंका आली की बापाकडं बघायची आणि पुढं सरकायची. मिरचीच्या द्रोणापाशी बराच वेळ थांबली. बी चिमटीत घेतलं, परत ठेवलं. तिची सव्वीस बरोबर. चूक एकही नाही. चौदा द्रोण मुकाट्यानं सोडलेले.

किल्ली गवळ्याच्या सुनेला मिळाली.

माळी उसळला. "आठ चुका करणारी वर, आणि एकही न चुकलेली खाली? हा कुठला न्याय, म्हातारे?"

"खाली बस," म्हातारी म्हणाली. मग तिनं पोरीला जवळ बोलावलं. "मोजणी संपली बाळा. आता काही कापत नाही. ते चौदा द्रोण बघ आणि मनात येईल ते सांग."

पोर बोलायला लागली. "ही मिरची. हा राळा वाटतो. ही वरी की सावा? वरीच." चौदातली नऊ बरोबर निघाली.

"पाच चुकली असतीस तरी एकच चिंचोका गेला असता," म्हातारी म्हणाली. "चौतीस झाले असते. मग का नाही बोललीस?"

पोरीची नजर बापाकडं गेली. म्हातारी माळ्याकडं वळली. "मी चार चुकांना एक घेते. तू एका चुकीला किती घेतोस, रे?"

सगळा गाव माळ्याकडं बघत होता.

त्या दिवसानंतर तो पोरीला कधी ओरडला नाही. एकदा परसात बसून त्यानं तळहातावर चिमूटभर बी घेतलं आणि हळूच विचारलं, "हे कसलं गं, बाई?"

राजगिरा होता. पोरीनं बघितलं. त्याला स्पष्ट दिसलं, तिनं ओळखलंय.

"माहीत नाही, आबा," ती म्हणाली आणि पाणी आणायला निघून गेली.

माळी तसाच मूठ मिटून बसला. त्यानं पुन्हा पुन्हा विचारून बघितलं, पुढं कितीतरी वर्षं. पोर बापापुढं कुठल्याच बियाचं नाव घेईना.

तात्पर्य: परीक्षा चुकीला थोडेसेच मार्क कापते, पण घरचा धाक येत असलेलं उत्तरही गिळायला लावतो. तुमच्या घरात परीक्षेला बसणारं पोर असेल तर आज जेवायच्या आधी त्याला सांगा, "काहीच कळत नसेल तर सोड, पण दोनातलं एक वाटत असेल तर लिही. चुकलं तर मी रागावणार नाही." आणि पोर चुका करून आलं तरी खरंच रागावू नका. उठा, जा आता घरी.