नावेतला हलका उतारू

त्या दिवशी धुकं असं पडलं होतं की सूर्य डोक्यावर आला तरी नदीचा पलीकडचा काठ दिसेना. पौष महिना होता. वारा नव्हता, पाखरू बोलत नव्हतं, आणि पाणी तर कोणीतरी श्वास धरून बसावं तसं गप्प होतं. असल्या धुक्यात नदीवर जाऊ नये असं जुनी माणसं म्हणत. पण नावाडी गेला. का गेला ते सांगतो, जरा दमानं ऐका.

एका नदीकाठच्या गावात हा नावाडी राहायचा. एकटा जीव. नाव त्याच्या बापाची, वल्हंही बापाचंच. नावेच्या अंगावर बापानं बाहेरून एक काळी रेघ ओढून ठेवली होती. रेघ पाण्याच्या वर दिसली की नाव सुखरूप. रेघ बुडाली की एक माणूस खाली उतरवायचा. बापाच्या वेळी आठ उतारू बसले तरी रेघ वर राहायची.

बापानं आणखीही एक शिकवलं होतं. नावेत भाकरीचं गठुडं सोडलं की वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि पहिला घास पाण्याला दाखवायचा. वाकून बघितलं की पाण्यात आपला हात दिसतो, घास दिसतो, आपलं तोंड दिसतं. मग तो घास तोंडात घालायचा, आणि तो चावून गिळून होईपर्यंत वल्ह्याला शिवायचं नाही.

"असं का करायचं?" पोरानं विचारलं की बाप म्हणायचा, "नदीला कळू दे, कोण जेवतंय ते."

पुढे बाप गेला, आणि नावाड्याच्या मागे घाई लागली. एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात भाकरी. डोळे पलीकडच्या काठावर, कोणी हाक मारतंय का बघायला. कान उतारूंच्या गप्पांत. भाकरी कधी संपली, चटणी तिखट होती का आळणी, त्याला पत्ता नसे. गठुड्यात हात घालावा तर ते रिकामं. मग वाटायचं, अरे, आपण जेवलोच नाही की! दोन भाकरींच्या चार झाल्या, चारांच्या सात. अंग सुटलं, गुडघे कुरकुरू लागले. भूक मात्र होती तिथंच.

शेजारी एक बुरडीण राहायची. टोपल्या, सुपं विणायची. जिभेनं तिखट, पण मनानं बरी. ती काठावरून ओरडायची, "भावजी, तुम्ही एकटे बसलात तरी नाव दोघांना घेऊन चालल्यागत दिसते! कुणाला लपवून नेता की काय?"

लोक हसायचे. नावाडीही हसायचा. पण एकदा भर उन्हात, नाव सगळी रिकामी असताना, त्यानं समोरच्या फळीकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. सकाळपासून त्या फळीवर कोणी बसलं नव्हतं. तरी तिथं ओल्या अंगानं कोणीतरी बसून उठावं तसा ठसा होता. त्यानं तो पंच्यानं पुसला. घटकाभरानं बघितलं तर ठसा पुन्हा ओला.

आणि त्या धुक्याच्या दिवशी सकाळी गावचा म्हातारा पंच दारात आला. म्हणाला, "गड्या, तुझ्या नावेत आता पाचच माणसं मावतात. आजारी माणूससुद्धा काठावर ताटकळत बसतं. होळीच्या बाजाराला एका खेपेत आठ जणांना पलीकडे नेऊन दाखव. नाही जमलं तर वल्हं दुसऱ्याच्या हातात देऊ. राग मानू नकोस."

बापाचं वल्हं दुसऱ्याच्या हातात! नावाड्याला घरात बसवेना. सात भाकरी गठुड्यात बांधून तो धुक्यातच नदीवर आला आणि नावेत जाऊन बसला. एवढ्यात पलीकडून हाक आली, "ए नावाडी!"

हाक आली की जायचं, ही हाताची सवय. त्यानं नाव सोडली. मधोमध आल्यावर पुन्हा हाक आली, "ए नावाडी." या वेळी ती काठावरून आली नाही. समोरच्या फळीवरून आली.

तिथं एक माणूस बसला होता. इतका वाळलेला की नुसता सदरा घडी करून ठेवलाय असं वाटावं. अंगातून पाणी निथळत होतं, आणि ओठांना लसणाची चटणी लागली होती.

"तू कधी चढलास रे?" नावाड्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"मी उतरलोच कधी?" तो म्हणाला. "तुझा बाप गेला तेव्हापासून इथंच आहे. रोज जेवतो की तुझ्याबरोबर."

"माझ्या भाकरीला कोणी हात लावत नाही. सगळी मीच खातो."

"खातोस तूच. पण जो घास तू बघत नाहीस, तो माझा. चव मी घेतो, वजन तुझ्याकडे ठेवतो. काल चटणीत मीठ होतं का रे?"

नावाडी आठवायला लागला. काही केल्या आठवेना.

"नव्हतं," तो उतारू म्हणाला, आणि हसला. त्याच्या तोंडात दात नव्हते, जीभ नव्हती, आत नुसता काळोख होता.

भीती वाटली की नावाड्याचा हात गठुड्यात जायचा. तसाच आताही गेला. डोळे त्या माणसावर, आणि भाकरीचा तुकडा न बघताच तोंडात. नाव बोटभर खाली गेली. समोरच्यानं गिळल्यागत मान हलवली. नावाड्यानं घाबरून आणखी एक तुकडा कोंबला. नाव आणखी बोटभर खाली. थंड पाणी नावेच्या काठावरून आत आलं आणि त्याच्या पावलांना लागलं.

आता काय करावं? वल्हं मारावं तर काठ कुठं आहे तेच दिसत नाही. तेव्हा त्याला बाप आठवला. त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, एक घास मोडला आणि वाकून पाण्याला दाखवला.

पाण्यात हात दिसला. घास दिसला. पण तोंड त्याचं नव्हतं. तो वाळलेला चेहराच आ वासून खालून वर बघत होता. नावाड्यानं नजर हलवली नाही. नीट बघितलं, तर त्या चेहऱ्याच्या हनुवटीवर एक खोक होती. लहानपणी वल्हं लागून त्याला स्वतःला पडली होती, तीच.

त्यानं घास तोंडात घातला आणि चावू लागला.

"पलीकडे कोणीतरी हाक मारतंय," उतारू म्हणाला. खरंच चारी बाजूंनी हाका येऊ लागल्या. नावाडी चावत राहिला.

"तुझं खोपट पेटलंय!" धुराचा वास आला. नावाडी चावत राहिला.

"अरे मूर्खा, नाव बुडतेय! वल्हं मार!" पाणी घोट्यापर्यंत आलं. पण घास अजून तोंडात होता. तो संपेपर्यंत वल्ह्याला शिवायचं नव्हतं.

आणि मग त्याला ज्वारीचा गोडवा लागला. मागून लसूण आला, मग मिरची. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"भाकरी कडेला करपलीय," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्याच हातची. आणि मला आज कळतंय."

हाका थांबल्या. त्यानं दुसरा घास पाण्याला दाखवला, मग तिसरा. दर घासाला पाण्यातला चेहरा थोडा थोडा त्याचा होत गेला. दीड भाकरी झाली असेल नसेल, पोटातून कोणीतरी हळूच म्हणालं, "बास." इतकं हळू, की एवढी वर्षं त्या गडबडीत ते ऐकूच आलं नव्हतं.

फळीवरचा आता दोरीएवढा उरला होता. काकुळतीला येऊन म्हणाला, "अजून पाच भाकरी आहेत. अन्न टाकणार का? एक तरी खा. माझ्यासाठी."

नावाड्यानं गठुड्याला गाठ मारली. "टाकायची कशाला? उद्या मला भूक लागेल तेव्हा खाईन," तो म्हणाला.

धुकं विरलं. ऊन पडलं. फळीवर ओला ठसा होता, तो बघता बघता सुकला. रेघ मात्र बापाच्या वेळेइतकी वर आली नव्हती. अंगावर चढलेलं काही एका दुपारी उतरत नाही. पण नाव आणखी बुडत नव्हती. त्यानं ओंजळीनं आतलं पाणी उपसलं आणि सावकाश घरी आला.

तेव्हापासून वल्हं आडवं ठेवल्याशिवाय त्यानं गठुडं सोडलं नाही. उतारू कुरकुरायचे, "अहो, बाजार उठेल तुमच्या जेवणापायी!" तो हात वर करायचा, म्हणजे तोंडात घास आहे. पोटानं बास म्हटलं की गाठ मारायची. सातांच्या चार भाकरी झाल्या, मग दोन पुरू लागल्या. माघात एकदा दोन उतारू भांडत होते आणि भांडण ऐकता ऐकता तो अख्खी भाकरी खाऊन बसला. समोर बघितलं तर फळी ओली. त्यानं दुसरी भाकरी तशीच खाली ठेवली आणि फळी सुकेपर्यंत तिकडे बघत राहिला.

होळीचा बाजार आला. आठ माणसं नावेत चढली. अख्खा गाव काठावर. म्हातारा पंच गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि रेघेकडे बघू लागला. रेघ पाण्याच्या एक बोट वर होती.

"वल्हं तुझंच," पंच म्हणाला.

त्या दिवशी परत आल्यावर नावाडी बुरडिणीच्या अंगणात जाऊन बसला. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं त्यानं तिला सांगितलं. फळी, ठसा, तो तोंडातला काळोख. मग हळूच विचारलं, "वहिनी, तो पुन्हा यायचा का हो?"

बुरडीण या वेळी हसली नाही. हातातलं सूप तिनं बाजूला ठेवलं. या गोष्टीचं तात्पर्य सांगायला दुसरा कोणी शहाणा नको, त्या शेजारणीनं त्याला सांगितलं तेच ते: "येणारच भावजी. तो तुमचाच आहे, जाणार कुठं? पण एवढं ध्यानात ठेवा. जेवायला बसाल तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा. तुमची जागा रिकामी दिसली, तरच तिथं दुसरं कोणी येऊन बसतं."