विडा उचलण्याआधी

“एवढं चांगलं घर रिकामं कसं राहिलं?”

फार फार वर्षांपूर्वी एका तरुण बुरडाने हा प्रश्न विचारला होता. त्या गावात कुणीच त्याला उत्तर दिलं नाही.

थोरला भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत तो तिथे टोपल्या विणायला आला होता. वहिनीला दिवस गेले होते, त्यामुळे डोक्यावर छप्पर लवकर हवं होतं. गावाची रीत अशी, की घरमालक उंबऱ्यावर विडा ठेवी. भाडेकरूने तो उचलून तोंडात घातला की बोलणी संपली. त्यानंतर शंका काढणं म्हणजे मालकाचा अपमान.

दादाने भिंती पाहिल्या, कौलं पाहिली आणि विडा उचलला. धाकट्याने प्रश्न विचारला तो नेमका त्यानंतर.

मालक हसला. “पाव्हणं, तुमचा भाऊ घर बघतोय का सोयरीक?”

“गप रे,” दादा म्हणाला. “विडा तोंडात आहे माझ्या.”

“भावजी, चुलीसाठी माती आणा आधी,” वहिनी म्हणाली. “प्रश्नांवर भाकरी भाजत नाही.”

पावसाळा आला तशी स्वयंपाकघरातली जमीन दबू लागली. वहिनी माती टाकून, सारवून ती सारखी करी. जमीन पुन्हा दबे.

एके सकाळी धाकटा बांबू तोडायला गेला. परतला तेव्हा चुलीच्या जागी मोठं भगदाड होतं. खाली जुनी विहीर होती, नुसत्या पाल्याने आणि मातीने बुजवलेली. दादा आणि वहिनी तिच्यात गेले होते.

दोघांना अग्नी दिल्यावर धाकटा विचारत विचारत शेजारच्या गावी पोचला. त्या घरात आधी राहणारा म्हातारा तांबट तिथे भांडी ठोकत बसला होता.

“तुम्हाला विहीर ठाऊक होती?”

“होती. म्हणून तर घर सोडलं.”

“मग सांगितलं का नाही?”

म्हाताऱ्याची हातोडी थांबली. “पोरा, मला विचारायला कुणी आलंच नाही. आपणहून बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, घर सुटलं म्हणून म्हातारा जळतोय.”

धाकटा धावतच परतला. मालकाने भगदाड बुजवून वर छान सारवून घेतलं होतं. उंबऱ्याशी एक विणकर विडा उचलायला वाकला होता. त्याच्या बायकोच्या कडेवर मूल होतं.

धाकट्याने पायानेच विडा उडवला आणि कुदळ घेऊन आत शिरला.

“वेड लागलंय का तुला?” मालक ओरडला. “माझं घर आहे ते!”

“घर तुमचं,” धाकटा म्हणाला. “आतली माणसं माझी होती.”

काळं पाणी दिसेपर्यंत तो खणत राहिला. विणकराच्या बायकोने खाली पाहिलं, मुलाला छातीशी धरलं आणि मागे फिरली. त्या घरात पुन्हा कुणी राहायला आलं नाही.

मग धाकट्याने विहिरीभोवती बांबूचा कूड विणला, रांगतं मूलही आत जाणार नाही इतका घट्ट. दादा-वहिनीसाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम.

घर भाड्याने घेण्याआधी, ते सोडून गेलेल्या माणसाला शोधून विचारावं.