जीपला अर्थ नाही

हल्ली गाड्या कंपनीतूनच गाणी घेऊन येतात. त्यामुळे इब्राहिम तांबोळीला गाड्यांत टेप-स्पीकर बसवायच्या आपल्या टपरीवर माशा मारण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. अशात नगराध्यक्ष उमाजीरावांची प्रचाराची जीप दारात आली. मागच्या निवडणुकीत याच बाजाररस्त्यावरच्या टपरीवाल्यांनी त्यांना खांद्यावर नाचवलं होतं.

"माझं भाषण लावलं की नुसतं कुईंऽऽ वाजतं," उमाजीराव गरजले. "गाडी पळवली की आणखीच. अॅम्प्लिफायर माझ्या मेव्हण्यानं बसवलाय, त्याला नाव ठेवायचं नाही. दोष काय ते एका वाक्यात सांग, नाहीतर गावात पान्हा धरू देणार नाही!"

शेजारचे टपरीवाले जमले. इब्राहिमने वाकून पाहिलं. अर्थची, म्हणजे अर्थिंगची, वायर जीपच्या उघड्या लोखंडाला भिडायला हवी, ती मेव्हण्याने रंगावरच आवळली होती.

"साहेब, यात अर्थ नाही."

"माझ्या भाषणात अर्थ नाही?"

"मी जीपचं बोललो, साहेब. भाषणाचं तुम्हीच म्हणालात."

टपरीवाले खो-खो हसले. इब्राहिमने रंग खरवडला, वायर लोखंडावर घट्ट केली, अॅम्प्लिफायरचं पिळून ठेवलेलं गेनचं बटण मागे फिरवलं आणि जीप सुरू केली. कुईं गेलं. कर्ण्यातून उमाजीरावांचा खणखणीत आवाज आला, "पुन्हा निवडून येताच बाजाररस्त्यावरची एकेक टपरी उखडून रस्ता मोकळा करीन!"

हसू जागच्या जागी विरलं.

"काय रे," उमाजीराव मिशीत हसले, "आला का आता अर्थ?"

"आला, साहेब," इब्राहिम पान्हा पुसत म्हणाला. "नव्हता तोवर तुम्ही आमचे वाटत होतात."